कुठला सर्व्हर डाऊन?

दिवाळीला पलूसला गेलो होतो. परत निघताना मेसच्या बिलासाठी पप्पांनी कार्ड दिलं. एटीएमवर उत्तर आलं, 'सर्व्हर डाऊन'. पप्पा म्हणाले, "तू कॉम्प्युटरचा ना? मग सांग, कुठला सर्व्हर?" मी गप्प! हॉस्टेलला आल्यावर शोधलं, तेच इथं लिहितोय. माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या.

एटीएममध्ये आपला बॅलन्स नसतो. मशीन कार्डाची माहिती आणि पिन 'स्विच' नावाच्या सर्व्हरकडे पाठवतं. स्विच कोअर बँकिंग सिस्टिमला विचारतो, ती डेटाबेसमध्ये बघते, पैसे आहेत का? उत्तर त्याच वाटेनं उलटं येतं, मग नोटा मिळतात. या सगळ्यांच्या खाली नेटवर्क, स्टोरेज आणि वीज. आमच्याकडं कृष्णेचं पाणी उसाला येतं तसंच हे. नदी भरलेली असली तरी मोटर बंद, तर सरी कोरडी. म्हणून बंद पडलेली सिस्टिम चालू करायलाही क्रम लागतो: आधी स्टोरेज, मग डेटाबेस, त्यानंतर ॲप्लिकेशन.

पण अवलंबून असणं म्हणजे फक्त 'एक बंद, तर सगळं बंद' एवढंच नाही. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचं उदाहरण बघा. ११ ऑगस्ट २०१८ रोजी चोरट्यांनी मालवेअरच्या मदतीनं खोटा स्विच मधे घातला. पैसे काढण्याची विनंती कोअर बँकिंगपर्यंत गेलीच नाही. मधल्यामधे 'मंजूर' असं उत्तर मिळत राहिलं आणि क्लोन केलेल्या कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. १३ ऑगस्टला स्विफ्टमार्गे हाँगकाँगला आणखी रक्कम गेली. एकूण नुकसान सुमारे ९४ कोटी रुपये. कोअर बँकिंगला मात्र धक्का नाही, असं बँकेनं तेव्हा सांगितलं. म्हणजे यात बंद काहीच पडलं नव्हतं! एटीएमनी फक्त चुकीच्या उत्तरावर विश्वास ठेवला.

आपण प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये चौकोन काढतो, त्यांना बाण जोडतो आणि मोकळे होतो. माझं एवढंच म्हणणं आहे की प्रत्येक बाणाला दोन प्रश्न विचारा. समोरचा गप्प बसला तर काय? आणि समोरचा खोटं बोलला तर काय?

हे सगळं पप्पांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "बरं, मग त्या दिवशी कुठला सर्व्हर बंद होता?"

खरं सांगायचं तर, एटीएमच्या स्क्रीनकडं बघून ते कुणालाच सांगता येत नाही. पण आता निदान कुठं कुठं बघायचं, ते तरी कळलं!