दोन लिप्यांचे मूल आणि एकतर्फी निकाल

मराठी घरातले मूल इंग्रजी शाळेत घातले आणि तिसरी-चौथीत पोहोचूनही त्याचे वाचन अडखळतच राहिले, म्हणजे वडीलधारी मंडळी सारा ठपका दोन भाषांच्या ओझ्यावर ठेवतात आणि त्यांतली एक, बहुधा बिचारी मराठीच, बंद करण्याची शिफारस करून मोकळी होतात. या शिफारशीला आधार नाही. डिस्लेक्सियाचे, म्हणजे अशा वाचनदोषाचे, मूळ मेंदूच्या जडणघडणीत असते व पुष्कळदा ते आनुवंशिक असते. द्वैभाषिकत्वाने तो उपजत नाही आणि एक भाषा टाकल्याने जातही नाही.

दुसरा समज अधिक फसवा: एका लिपीत जो नीट वाचतो, त्याला हा दोष असणारच नाही. वायडेल आणि बटरवर्थ या संशोधकांनी १९९९ साली ज्या मुलाचा दाखला प्रसिद्ध केला, तो इंग्रजीभाषक आईबापांच्या पोटी जन्मून जपानात वाढलेला. जपानी तो उत्तम वाचीत असे, इंग्रजी वाचताना मात्र त्याची त्रेधा उडे. दोष एकच, पण लिपीगणिक वेष पालटणारा! आपल्या देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच नियमबद्ध असल्यामुळे असे मूल चुकते कमी, पण वाचते अत्यंत संथ. ‘पिशवी’तली आधी लिहून मागाहून उच्चारायची वेलांटी, किंवा ‘सूर्य’मधला आधी उच्चारून पुढल्या अक्षराच्या डोक्यावर बसवायचा रफार येथे ते थबकते. केवळ चुका मोजणाऱ्या परीक्षकाच्या नजरेतून हा संथपणा सहज निसटतो. (उलटी अक्षरे काढणे हे डिस्लेक्सियाचे हमखास लक्षण नव्हे, लहान वयात ती पुष्कळच मुले काढतात.)

याउलट, ज्याच्या कानांवर घरी इंग्रजी पडतच नाही, त्याची परदेशी एकभाषिक मुलांच्या मापाने परीक्षा घेऊन त्याला अक्षम ठरविणे हाही अन्यायच. म्हणून दोन्ही भाषांतील वाचनाचा वेग, ध्वनींची फोड, लेखन आणि ऐकून होणारे आकलन तपासावे, आणि कोणती भाषा किती वर्षे शिकवली गेली याचीही चौकशी व्हावी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली सिद्ध केलेल्या ‘डाली’ या डिस्लेक्सियाच्या चाचण्या हिंदी, कन्नड, इंग्रजी आणि मराठीतही आहेत; डिस्लेक्सिया जिच्यात मोडतो त्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थानही मिळाले आहे. तेव्हा पालकहो, अक्षमतेचा दाखला हाती घेण्यापूर्वी परीक्षकाला एवढे अवश्य विचारा, की मुलाकडून मराठी वाचून घेतले होते काय?