तिन्हीसांजेची माळ

गोव्यातील एखाद्या जुन्या ख्रिस्ती वाड्यावर तिन्हीसांजेच्या सुमारास उभे राहावे. इगर्जीची घंटा होते, रस्त्याने चाललेली वृद्ध माणसे क्षणभर थबकून क्रूसाची खूण करतात, आणि थोड्याच वेळात कुठल्या तरी बाल्कांवाच्या आतून दोन सुरांत चाललेला पाठ ऐकू येऊ लागतो. एक आवाज प्रार्थनेचा पूर्वार्ध म्हणतो, उरलेले आवाज उत्तरार्ध पुरा करतात. पुन्हा तेच शब्द, पुन्हा तेच उत्तर. शेजारच्या हिंदू घरात याच वेळी तुळशीपुढे दिवा लागलेला असतो, निदान लागायला हवा असतो. या पाठाला आमच्याकडे ‘तेर्स’ म्हणतात. शब्द पोर्तुगीज आहे आणि त्याचा अर्थ ‘तिसरा हिस्सा’ असा आहे. कशाचा तिसरा हिस्सा, याचा उलगडा पुढे होईल.

तेर्स म्हणजेच रोजरी, कॅथलिक पंथाची जपमाळ. वसईच्या मराठी ख्रिस्ती घरांतून ती मराठीत म्हटली जाते, आमच्या गोव्यात कोकणीत. ‘रोझारियुम’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ गुलाबांचा ताटवा असा आहे. आपल्या वाचकांना जपमाळ नवी नाही. आपली माळ एकशेआठ मण्यांची, मेरुमणी ओलांडावयाचा नाही, आणि जप बहुधा ज्याचा त्याने मनाशी करावयाचा. रोजरीची नेहमीची माळ एकोणसाठ मण्यांची असते. त्यांत त्रेपन्न लहान मणी आणि सहा मोठे. मोठ्या मण्यावर येशूने शिष्यांना शिकविलेली प्रभूची प्रार्थना, लहान मण्यावर ‘नमो मारिया’. दहा-दहा मण्यांची पाच दशके झाली की एक माळ पुरी होते. मात्र नुसती मोजदाद म्हणजे रोजरी नव्हे. प्रत्येक दशकाला येशूच्या किंवा मरियेच्या चरित्रातील एक प्रसंग ठरलेला असतो, त्याला ‘रहस्य’ म्हणतात. ओठांवर जप चालू असताना मनाने त्या प्रसंगाजवळ थांबावे, अशी ही योजना आहे. आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची अशी प्रत्येकी पाच मिळून पंधरा रहस्ये, म्हणजे दीडशे ‘नमो मारिया’. रोज एवढे म्हणणे संसारी माणसाला कुठले जमायला? म्हणून त्यातला तिसरा हिस्सा रोज म्हणावयाचा, तोच तेर्स. सन 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्ये नव्याने सुचविली आणि एकूण रहस्ये वीस झाली. हिशेबाने आता तेर्स हा तिसरा हिस्सा राहिला नाही, चौथा झाला. पण नाव बदलावे असे कोणाच्या मनातही आले नाही.

दीडशे हा आकडा कोठून आला, हे पाहिले म्हणजे या माळेचा स्वभाव ध्यानात येतो. मध्ययुगीन युरोपातील मठांतून बायबलातील दीडशे स्तोत्रांचे पठण चाले. ते लॅटिनमध्ये चाले आणि त्याला ग्रंथ वाचता येणे आवश्यक असे. मठात कष्टाची कामे करणारे निरक्षर बंधू आणि मठाबाहेरचे शेतकरी, कारागीर, त्यांच्या बायका यांनी काय करावे? त्यांनी दीडशे स्तोत्रांच्या जागी दीडशे वेळा प्रभूची प्रार्थना म्हणावयास आरंभ केला आणि मोजणीसाठी गाठींचा दोरा वा मणी हाती घेतले. असले मणी करणाऱ्या कारागिरांचे संघ तेराव्या शतकात पॅरिस शहरी होते. लंडनमधील ‘पॅटरनॉस्टर रो’ या गल्लीचे नावही या प्रार्थनेचीच आठवण देते. भाषेच्या शिक्षकाला मोह आवरत नाही म्हणून सांगतो, मण्याला इंग्रजीत ‘बीड’ म्हणतात, त्या शब्दाचा जुना अर्थ मुळी ‘प्रार्थना’ असाच होता. प्रार्थना मोजता मोजता तिचे नाव मण्याला चिकटले.

हळूहळू ‘नमो मारिया’ने प्रभूच्या प्रार्थनेची बरीचशी जागा घेतली. ही माळ संत डॉमिनिक यांना साक्षात मरियेने दिली अशी परंपरागत कथा आहे. इतिहासकार ती मानीत नाहीत, आणि आमच्या मते त्यामुळे माळेचे मोल तिळभरही उणे होत नाही. उलट ती अनेकांच्या हातांनी घडली, हे अधिकच गोड वाटते. पंधराव्या शतकात आलँ द ला रोश या डॉमिनिकन साधूने फ्लँडर्समधील दुए येथे सन 1470 मध्ये जपाचे मंडळ काढले आणि सन 1475 मध्ये जर्मनीतील कोलोन येथे तसेच दुसरे मंडळ निघाले. कोलोनच्या मंडळाला वर्गणी नव्हती. श्रीमंत-गरीब, स्त्री-पुरुष कोणीही वहीत नाव लिहवावे आणि आठवड्यातून दीडशे ‘नमो मारिया’ म्हणावे. आठवड्यातून, हा शब्द आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो. ज्याला सकाळी दुकान उघडावयाचे आहे, जिला पोरे सांभाळावयाची आहेत, त्यांच्या सवडीचा विचार त्या नियमात होता. पुढे सन 1569 मध्ये पोप पायस पाचवे यांनी या जपाच्या रूपावर अधिकृत मोहोर उठविली, आणि दोन वर्षांनी लेपांटोच्या आरमारी लढाईतील विजयाचे श्रेय रोजरीला देऊन ऑक्टोबरात तिचा सण सुरू झाला. लढाईचा हा भाग इतिहासाच्या पुस्तकांत पुष्कळ रंगविलेला आढळतो. आम्हाला मात्र कोलोनची ती वही अधिक महत्त्वाची वाटते.

गोव्यात ही माळ पोर्तुगिजांच्या मागोमाग आली. जुन्या गोव्यातील टेकडीवर रोजरीच्या मातेची सोळाव्या शतकातील इगर्ज आजही उभी आहे. परंतु जप घरात रुजावयाचा तर तो लोकांच्या जिभेवर यावा लागतो, हे ओळखणारे मिशनरी थोडे. त्यांतील अग्रणी फादर थॉमस स्टीफन्स. सन 1579 मध्ये गोव्यास आलेल्या या इंग्रज जेझुइटाने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले, ते सन 1616 मध्ये रायतूरला छापले गेले. पुढे सन 1622 मध्ये त्यांची कोकणीतील ख्रिस्ती धर्मशिक्षणाची पोथीही तेथेच छापून निघाली. तिकडे सन 1684 मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढून तीन वर्षांच्या आत लोकांनी देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असे फर्मावले. फर्मान दप्तरात राहिले, कोकणी लोकांच्या तोंडी राहिली.

ही माळ पाद्रीवाचूनही किती काळ तग धरते, याचे उदाहरण आमच्याच भूमीतल्या एका पुरुषाने पाहिले. बाणावली येथे सन 1651 मध्ये जन्मलेले जोसेफ वाझ हे गोमंतकीय धर्मगुरू सन 1687 मध्ये सिलोनात उतरले. तेथे सन 1658 मध्ये डचांनी पोर्तुगिजांचा शेवटचा ठाणा घेतला होता, कॅथलिक पाद्री हाकलले होते आणि त्या धर्माचे आचरण गुन्हा ठरविले होते. जवळजवळ तीस वर्षे त्या लोकांनी पाद्रीचे तोंड पाहिले नव्हते. वाझ भिकाऱ्याच्या वेषात जाफना परिसरात दारोदार हिंडू लागले. खरा भक्त ओळखावा कसा? विचारणे म्हणजे जिवाशी खेळ. त्यांनी गळ्यात रोजरी घातली. परक्याला तो एक मण्यांचा सर. पण ज्या घरात दारे लावून तोच जप चालू होता, त्या घरची माणसे ती माळ पाहून चपापत आणि भिकाऱ्याकडे पुन्हा निरखून बघत. एवढ्या खुणेवर ओळख पटत गेली. सन 1711 मध्ये कँडी येथे वाझ निवर्तले. 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबो येथे त्यांना संतपद जाहीर झाले. त्यांच्या थोरवीबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. ज्या आयाबायांनी तीस वर्षे ती माळ मुलांच्या हाती ठेवली, त्यांची नावे मात्र कोठे नाहीत.

आता आजच्या घरात येऊ. आमच्या शेजारच्या घरी नव्वदीला टेकलेली एक आजी आहे. घरातली मुले तिला शामाय म्हणतात, म्हणून आम्हीही शामाय म्हणतो. तेर्साची पुढारी तीच. तिच्या माळेला शेपूट फार लांब! पाच दशके पंधरा-वीस मिनिटांत आटोपतात, परंतु मग मृतांसाठी, आजाऱ्यांसाठी, पावसासाठी, परीक्षेला बसलेल्या नातवासाठी आणि न चुकता तारवट्यांसाठी, म्हणजे बोटीवर गेलेल्या मुलांसाठी, एकेक प्रार्थना चढत जाते. तिचा एक मुलगा आयुष्यभर बोटीवर होता, त्यामुळे ही शेवटची प्रार्थना ती कधीही घाईने म्हणत नाही. तेर्स संपला की लहान-थोर सारे वडीलधाऱ्यांसमोर हात जोडून ‘बेसांव’ मागतात, म्हणजे आशीर्वाद. दिवसभर भांडलेल्या भावांनाही त्या घटकेला एकाच आजीपुढे उभे राहावे लागते.

आम्ही एकदा तिला म्हटले, “शामाय, पोरे जांभया देतात. अर्थ कळत नसताना पन्नास वेळा तेच तेच म्हणून काय होणार?”

ती म्हणाली, “मास्तर, तुम्ही शाळेत पाढे घोकून घेता, तेव्हा पोरगा पाढ्याचा अर्थ विचारतो का?”

उत्तर चोख होते. तरीही शिक्षक या नात्याने आमचा आक्षेप पुरता मावळलेला नाही. घोकलेला पाढा पुढे गणितात वापरावयास मिळाला नाही, तर विसरला जातो. पोप पॉल सहावे यांनी 2 फेब्रुवारी 1974 च्या पत्रात नेमके याच जागेवर बोट ठेवले आहे. चिंतन नसेल तर रोजरी म्हणजे आत्मा नसलेले शरीर, असे त्यांनी लिहिले. कुटुंबाने एकत्र बसून ती म्हणावी, असा त्यांचा मनापासून आग्रह. पण तिची सक्ती होऊ नये, माणसाला तिच्या बाबतीत मोकळेपणा वाटावा, हेही त्यांनीच सांगितले. अनेक घरांत पहिला उपदेश पाळला गेला आणि दुसरा राहिला. गुडघे दुखेपर्यंत बसविलेली मुले मोठी होऊन परगावी गेली, ती माळ घरीच ठेवून. जी गेली नाहीत, त्यांची तिन्हीसांज दूरचित्रवाणीने आणि मागाहून हातातल्या दूरध्वनीने घेतली. आपण हिंदूंनी याविषयी फारसे बोलू नये. आपल्या घरांतून शुभंकरोती आणि परवचा कधी उठून गेले, याची तारीखही कोणाला सांगता येणार नाही.

ज्या घरांत माळ टिकली, तेथे ती लवचीक झाल्यामुळे टिकली, असे आमचे निरीक्षण आहे. आमच्या माहितीतील एक परिचारिका पाळीवर जाताना बसमध्ये दोन दशके म्हणते आणि परतताना तीन. माळ बाहेर काढीत नाही. दशक दहाचे आहे आणि बोटेही दहाच आहेत. एका घरात पाचही दशके फक्त रविवारी होतात, इतर दिवशी जेवणापूर्वी एकच दशक, पण त्या दशकाचे रहस्य कोणते ते घरातील सर्वांत लहान मुलाने सांगावयाचे. दुसऱ्या एका घरी आखातात नोकरीला असलेला मुलगा ठरल्या वेळी दूरध्वनीवरून आपले एक दशक म्हणतो. आवाज मागे-पुढे होतो, उत्तरार्ध पूर्वार्धावर चढतो, आणि धाकटी बहीण हसू दाबते. शामायला हे प्रकार पसंत नाहीत. आम्हाला ते कोलोनच्या त्या वहीच्या अगदी जवळचे वाटतात. सन 2020 च्या टाळेबंदीत इगर्जी बंद झाल्या, तेव्हा तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनी मे महिन्यात रोजरी घरीच म्हणण्याचे आवाहन पत्राद्वारे केले होते. ज्यांच्या घरी ती चालूच होती, त्यांना वेगळे काही करावे लागले नाही. इतरांना आधी माळ कोठे ठेवली आहे ते शोधावे लागले. काहींची मोटारीच्या आरशाला लटकलेली सापडली, अशी थट्टा आमच्या एका ख्रिस्ती सहकाऱ्यानेच केली होती!

वर्षातून काही दिवस मात्र हा जप एका घरापुरता राहत नाही. मरियेची मूर्ती, जिला आमच्याकडे प्रेमाने ‘सायबीण’ म्हणतात, वाड्यावरील घरोघर फिरते. आज या घरी मुक्काम, उद्या संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन पुढच्या घरी. ज्या घरी ती येते तेथे सारा वाडा तेर्साला जमतो, गाणी होतात, शेवटी खाऊ वाटला जातो. वर्षभर एकटी राहणारी म्हातारीसुद्धा त्या दिवशी भिंतींना रंग काढून घेते आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून आमच्याकडून मागून नेते. आम्हीही जाऊन मागच्या बाकावर बसतो.

अलीकडे आमच्या वाड्यावर एक अडचण उभी राहिली आहे. फेरीच्या वाटेवरील तीन घरांना आता कुलपे आहेत. माणसे परदेशी गेली. ती घरे वगळून मूर्ती पुढे न्यावी, असे तरुणांचे म्हणणे पडले. शामायने ते मानले नाही. तेव्हापासून कुलूपबंद घरापाशीही मूर्ती थांबते. पायरीवरचा पालापाचोळा कोणी तरी आधीच झाडून ठेवलेला असतो. बंद दारासमोर उभ्याने एक दशक म्हटले जाते, मेणबत्ती तेथेच पायरीवर ठेवतात, आणि मंडळी पुढल्या घराकडे वळतात.