उबंटू टाकताय? एलटीएस घ्यायचं की नवीन?

गोंडपिपरीत बसून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या दीड जीबी डेटात उबंटू उतरवायचं असेल तर आधी हिशोब करा. २४.०४ ची आयएसओच जवळपास ६ जीबीची, म्हणजे चार दिवसांचा डेटा. म्हणून एकदाच टाका, एलटीएसच टाका. तिला ५ वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. २५.१० ला फक्त ९ महिने, मग पुन्हा अख्खं अपग्रेड! आर्चमध्ये तर अपडेट सतत येतच राहतात. त्यात जुन्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली असते. अपडेट बसताना लाइट गेली तर सिस्टीम कदाचित सुरूच होणार नाही.

लॅपटॉप नवाकोरा आहे आणि वायफाय ओळखलं जात नाही? मग नवीन कर्नल हवं. तरी आधी २४.०४.३ पेनड्राइव्हवरून चालवून बघा, त्यात ६.१४ कर्नल आहे.