काळी शी लपवू नका : लिव्हरच्या आजारातला रक्तस्राव

फेब्रुवारी 2017 मध्ये नगर तालुक्यातल्या पांगरमलला विषारी दारूने माणसे गेली, तेव्हा जिल्हाभर चर्चा झाली. लिव्हर खराब झालेली माणसे मात्र एकेक करून जातात. रक्त कधीपासून जात होते, हे अनेकदा घरच्यांना माहीतच नसते.

म्हणून आधी तेच सांगते. डोळे पिवळे, पोटात पाणी, पायावर सूज अशा माणसाची शी डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची झाली, तर ते पोटात सांडलेले रक्त समजा. उलटी लाल किंवा चहाच्या चोथ्यासारखी झाली तरी तेच. ही ॲसिडिटी नव्हे, आणि करणी तर मुळीच नव्हे. सकाळची वाट न बघता 108 ला फोन करा.

लिव्हर कडक, गाठीगाठीचे झाले की आतड्याकडून येणारे रक्त त्यातून पुढे जात नाही. पाट तुंबला की पाणी बांध फोडून शेजारच्या वाफ्यात शिरते, तसे ते रक्त अन्ननलिकेतल्या शिरांत शिरते. त्या फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. दुर्बिणीतून रबरी बँड बसवून त्या बांधता येतात. पुण्याचे ससून, संभाजीनगरची घाटी अशा मोठ्या सरकारी रुग्णालयांत त्याची चौकशी करा. शिरांतला दाब कमी करायला दिलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका.

रक्त गोठवणारे घटक लिव्हरच बनवते, ते कमी पडतात. वाढलेली प्लीहा प्लेटलेट अडकवून ठेवते. पण रक्त गोठू न देणारे घटकही लिव्हरच बनवते, तेही घटतात. म्हणून रिपोर्टमध्ये आयएनआर वाढलेला दिसला, तरी ‘रक्त पातळ आहे, गुठळी होणार नाही’ हे खरे नाही. अशा रुग्णाच्या लिव्हरकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतही गुठळी होते. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला किंवा एकाएकी धाप लागली, तरी दवाखाना गाठा.

‘बाटल्यांवर बाटल्या रक्त चढवा’ म्हणून नातेवाईक वॉर्डात भांडतात. रक्त लागतेच, पण मापात. बार्सिलोनातल्या डॉक्टरांचा 2013 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले रुग्ण जास्त जगले. जादा रक्ताने शिरांतला दाब वाढतो आणि पुन्हा रक्त सुटते.

अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणून देऊ नका. काविळीचा झाडपालाही नको.

आता लाजेबद्दल. दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांबरोबर घेतली, ती पाळायचीच. पण ती मोडलेल्या माणसाचा आजार दडवून ठेवण्यासाठी ती नाही. शिवाय हिपॅटायटीस बी, सी आणि चरबीनेही लिव्हर असेच बिघडते. थेंब न घेतलेल्या बाईलाही लोक ‘पीत असेल’ म्हणतात, म्हणून ती काळी शी सांगत नाही. हिपॅटायटीसची तपासणी आणि औषधे 28 जुलै 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत, सिव्हिलला विचारा. बाळाला हिपॅटायटीस बी ची पहिली लस जन्मानंतर 24 तासांत मिळाली का, तेही बघा.

गाडी येईपर्यंत रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवा, तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका. जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्या. तो असंबद्ध बोलू लागला किंवा झापड आली, तर डॉक्टरांना हे पहिल्या वाक्यात सांगा.