प्लूटोला भेटायला गेलेली डबी

तुम्ही हे वाचताय ना, त्या क्षणी सूर्यापासून ९ अब्ज किलोमीटरच्याही पलीकडे एक यान सुसाट चाललंय. नाव न्यू होरायझन्स. त्याच्या आत ॲल्युमिनियमची एक डबी घट्ट बसवलेली आहे, आजीच्या कुंकवाच्या डबीएवढी. आणि डबीत आहे एका माणसाची रक्षा. हो, माणसाचीच! दहनानंतर जी राख उरते, त्यातली जेमतेम ३० ग्रॅम.

हा माणूस म्हणजे क्लाइड टॉमबॉ. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात त्याच्या घरची शेती होती. त्याला कॉलेजात जायचं होतं, पण गारपिटीनं उभं पीक झोपवलं आणि कॉलेज राहिलंच. दुसरा एखादा हिरमुसून बसला असता. यानं दुर्बिणी बनवायला घेतल्या! आरसे हातानं घासायचा. जुन्या ब्यूक गाडीचा दांडा, शेतावरच्या यंत्रांचे सुटे भाग, जे मिळेल ते जोडायचा. आरसा नीट घासला गेलाय की नाही हे तपासायला हवा स्थिर लागते, कारण गरम-गार हवा जरा हलली तरी प्रतिबिंब थरथरतं. मग पठ्ठ्यानं कुदळ-फावडं उचललं आणि जमिनीत चक्क एक लांबलचक तळघर खणलं.

त्या दुर्बिणीतून दिसलेल्या मंगळाची आणि गुरूची चित्रं काढून त्यानं अॅरिझोनातल्या लोवेल वेधशाळेला पाठवली. वेधशाळेनं १९२९ मध्ये त्याला कामावरच बोलावलं.

काम ऐकायला मजेदार, करायला महाकंटाळवाणं. रात्री कुडकुडत आकाशाचे फोटो काचेच्या पट्ट्यांवर घ्यायचे. काही दिवसांनी त्याच भागाचा पुन्हा फोटो. मग दोन्ही काचा एका यंत्रात लावून भिंगातून बघायचं. यंत्र आधी एक काच दाखवतं, लगेच दुसरी, पुन्हा पहिली. टक्, टक्, टक्. तारे आपल्याला जागच्या जागी दिसतात, ग्रह मात्र त्यांच्यामधून सरकतो. म्हणजे हजारो-लाखो ठिपक्यांमध्ये एखादा ठिपका उडी मारतोय का, तेवढंच शोधायचं. दिवसेंदिवस!

१८ फेब्रुवारी १९३०. टॉमबॉ तेव्हा २४ वर्षांचा होता. २३ आणि २९ जानेवारीच्या काचा त्यानं यंत्रात लावल्या होत्या, मिथुन राशीतल्या आकाशाच्या. आणि एक बारकासा ठिपका टुणकन इकडून तिकडे गेला. प्लूटो! त्या रात्री पुन्हा आकाश बघावं, तर नेमकं ढगांनी भरलेलं. मग काय, टॉमबॉ सिनेमाला गेला.

नव्या ग्रहाचं नाव सुचवलं इंग्लंडमधल्या व्हेनेशिया बर्नी नावाच्या ११ वर्षांच्या मुलीनं, सकाळी नाश्ता करता करता. तिच्या आजोबांनी ते योग्य माणसांपर्यंत पोहोचवलं. असे आजोबा असावेत.

पुढं बाकीच्या सगळ्या ग्रहांजवळून यानं जाऊन आली, प्लूटो तेवढा राहिला. १९९१ साली अमेरिकेनं ग्रहांची टपाल तिकिटं काढली, तर प्लूटोच्या तिकिटावर छापलं होतं, ‘अजून शोध घेतलेला नाही’. शास्त्रज्ञांना हे चांगलंच झोंबलं. १९९२ मध्ये त्यांच्यातल्या एकानं टॉमबॉ आजोबांना फोन करून विचारलं, “तुमच्या ग्रहावर यान पाठवू का?” आजोबा म्हणाले, “खुशाल पाठवा, पण प्रवास लांबचा आहे आणि थंडीचा आहे बरं!”

ते १९९७ मध्ये गेले. आपली रक्षा अवकाशात जावी, अशी त्यांची इच्छा होती. मोठ्या माणसाची रक्षा साधारण दोन-तीन किलो भरते. मग ३० ग्रॅमच का? कारण अवकाशात जाताना एकेका ग्रॅमचा हिशेब होतो. सबंध यानच ४७८ किलोचं! १९ जानेवारी २००६ ला ते उडालं, तेव्हा टॉमबॉंच्या पत्नी पॅट्रिशिया ते बघायला हजर होत्या. अपोलोच्या अंतराळवीरांना चंद्राशी पोहोचायला तीन दिवस लागायचे, या यानानं चंद्राची कक्षा ९ तासांत मागं टाकली. आणि हो, त्या शोध न घेतलेल्या प्लूटोचं तिकीटही यानात चिकटवलेलं होतं!

गंमत बघा, यान वाटेत असतानाच इकडे प्लूटोचं ग्रहपद गेलं. यानाला त्याचं काय? १४ जुलै २०१५ ला ते प्लूटोपासून १२,५०० किलोमीटरवरून गेलं. फोटोत बर्फाचा बदामी आकार दिसला. त्या भागाला आता टॉमबॉंचंच नाव आहे.

अवकाशात रक्षा नेण्याची सोय पैसे मोजूनही होते. एप्रिल १९९७ मध्ये २४ जणांची थोडी थोडी रक्षा एका रॉकेटनं नेली. ते रॉकेट जमिनीवरून उडालंच नाही, विमानाच्या पोटाखालून सोडलं. पण पृथ्वीपासून थोड्याच उंचीवर फिरणाऱ्या वस्तूला तिथली विरळ हवाही मागं खेचते. ती हळूहळू खाली येते आणि शेवटी पेट घेते. ही रक्षा २००२ मध्ये अशीच परत आली, उल्केसारखी जळत. मला विचाराल तर यात टॉमबॉंच्या प्रवासाची मजा नाही.

युजीन शूमेकर यांची गोष्ट मात्र निराळी. उल्का आदळून विवरं कशी होतात, हे शोधणारे हे भूशास्त्रज्ञ. चंद्रावर जायची फार इच्छा, पण आजारपण आडवं आलं. त्यांची थोडी रक्षा लूनार प्रॉस्पेक्टर यानातून गेली आणि ३१ जुलै १९९९ ला यानासकट चंद्रावर आदळली. मात्र अमेरिकेतल्या नवाहो लोकांना हे आवडलं नाही, कारण त्यांना चंद्र पवित्र आहे. नासानं त्यांची माफी मागितली.

टॉमबॉंचं यान आता सूर्यमालेबाहेर निघालंय. त्यावर कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बनवलेलं धूळ मोजायचं एक यंत्र आहे. त्याला नाव दिलंय व्हेनेशिया बर्नीचं! तिकडे धूळ कमी होत जाईल असा अंदाज होता, पण २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं की ती अपेक्षेपेक्षा जास्तच सापडतेय. म्हणजे प्लूटोच्या शेजारपाजारचा बर्फाळ गोळ्यांचा पट्टा, कायपर पट्टा, वाटला होता त्याहून बराच रुंद असावा.