घोरणे, श्वासरोध आणि दंतवैद्याचे साधन

दिवसभर कष्ट करून आलेला माणूस रात्री मोठ्याने घोरू लागला, की ‘गाढ झोप लागली’ असे घरची माणसे समाधानाने म्हणतात. वस्तुस्थिती पुष्कळदा उलट असते. निद्रेत जीभ व घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग अरुंद होतो आणि त्यातून जाणाऱ्या हवेने मऊ टाळू थरथरू लागते, हेच घोरणे. हा मार्ग पुरता मिटला, की आवाज एकाएकी थांबतो, १० सेकंद वा त्याहून अधिक काळ श्वास होत नाही आणि मग माणूस धापकन श्वास घेऊन पुन्हा घोरू लागतो. श्वास असा अडण्याचे वा क्षीण होण्याचे प्रसंग तासात ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, ३० पर्यंत मध्यम व त्यापुढे तीव्र मानतात. रोग्यास याचा पत्ताही नसतो. ठाऊक असते ते शेजारी निजणाऱ्यास.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत या विकाराची दखल घेण्यास एक खास कारण आहे. नारायणगावचा टोमॅटो व मंचरच्या बाजारातील तरकारी भरलेल्या गाड्या रात्री मुंबईची वाट धरतात. पुणे-नाशिक महामार्गावर किंवा माळशेज घाटात चालकाला लागलेली एक डुलकी अनर्थास पुरेशी होते. दोष जागरणाला दिला जातो, आणि तो बहुधा खराही असतो. परंतु सुटीच्या दिवशी पुरेसे निजूनही जो दिवसा पेंगतो, सकाळी ज्याचे डोके जड असते आणि औषधानेही ज्याचा रक्तदाब आटोक्यात येत नाही, त्याची निद्रातपासणी व्हावयास हवी. तिची सोय पुणे शहरात आहे.

नाकावरील मुखवट्यातून दाबाने हवा देण्याचा उपचार ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केला. तीव्र विकारात आजही त्यालाच प्रथम पसंती दिली जाते. मात्र या यंत्रास वीज लागते व मुखवटा सर्वांस सोसत नाही. अशांसाठी, तसेच सौम्य व मध्यम विकारात, दंतवैद्याने बनविलेले साधन उपयोगी पडते. दोन्ही जबड्यांचे माप घेऊन तयार केलेले हे साधन रात्री दातांवर बसवितात. त्याने खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे राहतो, त्याबरोबर जीभही पुढे येते आणि मागची वाट मोकळी होते. बेशुद्ध माणसाचा जबडा पुढे उचलण्याची प्रथमोपचारातील रीत शिक्षकांस माहीत असेल, तत्त्व तेच. जबडा एकदम नव्हे, तर हळूहळू पुढे आणतात.

साधन टिकण्यास पुरेसे घट्ट दात हवेत. मिश्री-तंबाखूने हिरड्या खालावल्या असतील, तर आधी त्यांवर उपचार करावे लागतात. गरम पाण्यात मऊ करून चावून बसविण्याची तयार साधने बाजारात मिळतात. ती मापाच्या साधनाची बरोबरी करीत नाहीत. लहान मुलांच्या घोरण्यामागे बहुधा वाढलेले टॉन्सिल व नाकामागील ग्रंथी असतात. वर्गात पेंगणाऱ्या, तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलास प्रथम नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे पाठवावे.

सुरुवातीस लाळ सुटते, सकाळी जबडा आखडतो. हे बहुधा ओसरते. खरा धोका निराळा आहे. साधनाने घोरणे थांबते, घरात शांतता होते, पण श्वास अडणे काही रोग्यांत चालूच राहते. म्हणून जबडा योग्य जागी आल्यावर साधन तोंडात ठेवूनच निद्रातपासणी पुन्हा करावी लागते. रात्री वाहन चालविणाऱ्याने तर ती मुळीच टाळू नये. पुढेही दंतवैद्याकडे ठरावीक मुदतीने जावे लागते, कारण वर्षानुवर्षांच्या वापराने दातांची ठेवण किंचित बदलू शकते.