कॉम्प्युटर मधेच बंद पडतो? उन्हाला दोष देण्याआधी रॅम तपासा

मे महिन्यात कळवणला घरी गेलो, तर मामा वाटच बघत होते. "कॉम्प्युटरमध्ये पीएचडी करतोस ना, मग हा बघ." त्यांच्या पीसीवर कांद्याच्या आडतीचा सगळा हिशोब. तो कधी बिल काढताना, कधी व्हिडिओ बघताना, तर कधी नुसता चालू असताना निळा स्क्रीन दाखवून रीस्टार्ट व्हायचा. दोनदा फॉरमॅट मारून झालं होतं. मामांचं निदान ठरलेलं: "ऊन फार आहे यंदा."

मला खटकलं ते वेगळंच. बिघाड एकाच सॉफ्टवेअरमध्ये असता, तर बहुतेक तिथेच अडलं असतं. इथे दर वेळी जागा वेगळी आणि एररही वेगळी. फॉरमॅट करूनही हे थांबत नसेल, तर संशय हार्डवेअरवर, त्यातही रॅमवर घ्यायचा.

8 जीबी रॅममध्ये सुमारे 6,900 कोटी बिट असतात. त्यातला एक जरी 0 वर अडकला, तरी पुरे. तिथे विंडोजचा महत्त्वाचा भाग आला तर क्रॅश होतो. फोटो आला तर एखादा ठिपका बिघडतो, कळतही नाही. आणि आकडा आला तर? 1,850 मधला 1,024 चा बिट गेला की उरतात 826. क्विंटलचा भाव असा बदलला, तर भांडण कोणाशी करणार?

आता उन्हाबद्दल. टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलच्या दोन संशोधकांनी 2009 साली गूगलच्या सर्व्हरमधल्या रॅमचा अडीच वर्षांचा अभ्यास मांडला. वर्षभरात साधारण एक तृतीयांश मशीनमध्ये निदान एक तरी चूक दिसली. तापमानाचा परिणाम मात्र अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाला. बऱ्याचशा चुका रॅममधल्या कायमच्या दोषामुळे होत्या. सर्व्हरच्या रॅममध्ये चूक दुरुस्त करायची सोय असते, आपल्या घरच्या पीसीत सहसा नसते.

तपासायचं कसं? मेमटेस्ट86+ हा फुकट प्रोग्राम पेनड्राइव्हवर घ्या, त्यावरून पीसी सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. तो रॅममध्ये 0-1 चे वेगवेगळे नमुने लिहितो आणि तेच परत येतात का ते बघतो. लाल ओळ दिसली की पीसी बंद करा, प्लग काढा आणि एका वेळी एकच स्टिक लावून पुन्हा तपासा. मग स्लॉट बदला. एरर स्टिकबरोबर गेली तर स्टिक खराब, स्लॉटपाशीच राहिली तर बहुधा मदरबोर्ड. एरर आलीच नाही, तरी रॅम शंभर टक्के ठीक असं समजू नका; काही दोष कधीमधीच दिसतात.

मामांची एक स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये नापास झाली. ती बदलली, क्रॅश थांबले. खरं काम मात्र त्यानंतरचं होतं. खराब रॅम असताना घेतलेला बॅकअपही भरवशाचा नसतो. त्यामुळे पुढचे चार दिवस आम्ही दोघं कागदी पावत्या घेऊन बसलो आणि एकेक नोंद ताडून पाहिली.